काळजावरची सावली

काळीज नेमकं कुठं असतं, यावर आपल्या भाषांचं एकमत नाही. मराठीत काळजाला घरं पडतात, काळीज फाटतं, आणि बोलणाऱ्याचा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. उर्दूत जिगर म्हटलं की हिंमत आली आणि जिगरी म्हटलं की दोस्त आला. पण बकरी ईदला सगळ्यात आधी चुलीवर चढते ती कलेजी हृदयाची नसते, यकृताची असते. उजव्या बरगड्यांखाली बसलेला, मोठ्या माणसात दीड किलोच्या आसपास भरणारा हा अवयव. आतड्यातून निघालेलं रक्त त्याच्या दारावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. त्यामुळे अन्नापाण्यातून पोटात गेलेला जंतू मुक्कामाला बहुतेक तिथंच थांबतो, आणि आतड्यातल्या कॅन्सरची सुटलेली पेशीही तिथंच येऊन रुजते. दोघांचा रस्ता एकच.

आम्ही मुलाणी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या आजोबांपर्यंत गावकीचं काम घरात होतं. आम्ही त्यांना दादामियाँ म्हणायचो. गावच्या जत्रेचा बकरा असो की ईदचा, सुरी त्यांच्याच हातात असायची. बकरा सोलून झाला की ते कलेजी तळहातावर घेऊन उजेडाकडे धरत. कडा धारदार आहे की बोथट झाली आहे, रंग सारखा आहे की डाग पडले आहेत, बोटाला कुठं कडक लागतं का, हे सगळं त्यांच्या एका नजरेत व्हायचं. एखाद्या मेंढीच्या कलेजीत पाण्यानं भरलेले पांढुरके फोड निघत. मग ती कलेजी वाट्यात धरली जायची नाही. दादामियाँ ती बाजूला ठेवून परसात खड्डा काढायला लावत आणि आमच्यापैकी एकाला राखणीला बसवत, कारण गल्लीतली कुत्री तोवर जमलेली असायची. असं का करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या वडिलांनी केलं म्हणून ते करत होते.

कापलेल्या जनावराचं काळीज हातात घेऊन बघता येतं. जिवंत माणसाचं कसं बघायचं? हा प्रश्न आमच्या घरात 2005 च्या पावसाळ्यात आला.

अब्बा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, प्राथमिक शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. आधी पंधरा दिवस ताप. संध्याकाळी थंडी वाजून यायचा, रात्री घामानं बनियन भिजायचं, सकाळी उतरायचा. मग उजव्या कुशीत दुखायला लागलं, आणि चमत्कारिक म्हणजे उजवा खांदाही. खांद्याला तेल चोळून झालं, शेक देऊन झाला. भूक गेली, वजन उतरलं, तोंड पिवळट दिसू लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' असा फलक लावलेल्या खोलीबाहेर, गरोदर बायकांच्या रांगेत आमचे दाढीवाले अब्बा तासभर संकोचून बसले होते.

रिपोर्ट इंग्रजीत होता. यकृताच्या उजव्या भागात नऊ सेंटिमीटरचं 'स्पेस ऑक्युपाइंग लिजन', म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी. त्यापुढं दोन शब्द आणि दोन्हींच्या आधी प्रश्नचिन्ह: अ‍ॅबसेस? निओप्लाझम? पहिला म्हणजे पू, दुसरा म्हणजे नवी वाढ, साध्या भाषेत ट्यूमर. अम्मी विचारत होती, "क्या लिख्या है रे उसमें?" आम्ही म्हणालो, गाठ आहे. त्या एका शब्दानं पुढचं सगळं काम केलं. मगरिबपर्यंत मोहल्ल्यात बातमी झाली की मास्तरांना कॅन्सर आहे. रिपोर्टमधलं प्रश्नचिन्ह कुणापर्यंत पोचलंच नाही.

अयादतीला येणं हे आपल्यात सवाबाचं काम. लोक आले, आणि प्रेमानंच आले. कुणी ताबीज आणलं, कुणी दम केलेलं पाणी. एकानं अंगणात उभं राहून हलक्या आवाजात सांगितलं की सुई मात्र लावू देऊ नका, सुई लागली की ते पसरतं. दुसऱ्यानं विचारलं, जमीन कुणाच्या नावावर आहे. अब्बा आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. सगळ्यांत जास्त त्यांना लागला तो दवाखान्यातला एक प्रश्न. डॉक्टरांनी अगदी सरळ विचारलं होतं, "दारू किती घेता?" पाच वक्ताचा नमाजी माणूस. त्यांनी नुसती मान हलवली आणि मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तो प्रश्न अपमानाचा नव्हता, हे आम्हाला पुढं कळलं. दारूनं यकृत खराब झालेलं असेल तर त्यात पू होण्याची शक्यताही वाढते आणि कॅन्सरचीही, म्हणून डॉक्टर तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. पण लिव्हरचा आजार म्हणजे दारूचा आजार ही समजूत आपल्या समाजात इतकी घट्ट बसली आहे की माणूस पोटातलं दुखणं बायकोपासूनही लपवतो. अशा लपवण्यात महिने जातात.

आम्ही अब्बांना मिरजेला नेलं. आमच्या भागातला माणूस मोठ्या आजाराला मिरजच गाठतो. तिथं दवाखान्यांच्या रांगा आहेत, आणि जवळच ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गाही. दोन्हीकडे जाणारी माणसं बहुतेक तीच असतात. अम्मी दर्ग्यात बसली आणि आम्ही अब्बांना घेऊन सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर.

तिथल्या डॉक्टर बाईंनी आम्हाला दोन तासांत जे समजावलं, त्यासाठी आम्ही त्यांचे अजून ऋणी आहोत. आधी त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. आवाजाच्या लाटा आत जातात, ज्याला आपटतात तिथून परत येतात, आणि त्या परतण्यातून चित्र तयार होतं. घट्ट मांसातून बराच आवाज परत येतो, म्हणून ते राखाडी दिसतं. पातळ पदार्थातून लाट अडथळ्याशिवाय निघून जाते, म्हणून तो काळा दिसतो आणि त्याच्या मागचा भाग उलट जास्त उजळ. अब्बांच्या यकृतात वरच्या बाजूला, श्वासपटलाला चिकटून एक गोल काळसर भाग होता. आत बारीक बारीक ठिपके तरंगत होते आणि मागं उजेड पडला होता. खांदा का दुखतो तेही तेव्हा कळलं. श्वासपटलाची नस आणि खांद्याची नस मानेतल्या एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून दुखणं खाली असतं आणि कळ वर येते.

"हे पातळ दिसतंय," त्या म्हणाल्या, "पण कॅन्सरची गाठही मधून सडली की पातळ होते. म्हणून डाय देऊन बघू."

डायचा हिशेब त्यांनी कागदावर आकृती काढून सांगितला, आणि ती आकृती ज्याला समजली त्याला रिपोर्टची निम्मी भाषा समजली असं आम्हाला वाटतं. यकृताला दोन रस्त्यांनी रक्त मिळतं. सुमारे तीन चतुर्थांश येतं ते आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, आणि उरलेलं एक चतुर्थांश हृदयाकडून येणाऱ्या धमनीतून. यकृताचा स्वतःचा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवरच जगतो. आता हाताच्या शिरेत डाय सोडली की ती आधी धमनीतून पोचते, सुमारे 35 सेकंदांनी, आणि शिरेच्या रस्त्यानं नंतर, सुमारे 70 सेकंदांनी. म्हणून फोटो एकदा काढून भागत नाही. पहिला फोटो धमनीच्या वेळी, दुसरा शिरेच्या वेळी, तिसरा तीन ते पाच मिनिटांनी. कॅन्सरची गाठ पहिल्या फोटोत आजूबाजूच्या यकृतापेक्षा झळकते, आणि नंतर यकृत उजळतं तेव्हा ती फिकी पडते. डाय लवकर घेते आणि लवकर सोडते. पुवाच्या पोकळीत तर रक्त जातच नाही. मधला भाग तिन्ही फोटोंत काळाच राहतो. पोकळीची भिंत तेवढी उजळते आणि भिंतीबाहेर सुजेचा एक फिकट पट्टा दिसतो. चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरते तशी आतून बाहेर एकात एक कडी.

दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीही कधी कधी अशाच कडीच्या दिसतात, पण त्या बहुतेक एकापेक्षा जास्त असतात आणि त्यांची कडा जाड, ओबडधोबड असते. साध्या बॅक्टेरियाचा पू झाला असेल तर बऱ्याचदा लहान लहान पोकळ्या द्राक्षांसारख्या एकमेकींना चिकटून येतात, कधी आत हवाही दिसते, आणि मूळ कारण पित्ताच्या नळीत सापडतं. अमिबाचा पू बहुधा एकाच जागी, उजव्या भागात, यकृताच्या कडेला असतो. 'बहुधा', 'बहुतेक', 'कधी कधी' हे शब्द बाई पुन्हा पुन्हा वापरत होत्या. आम्हाला तेव्हा त्याचा राग यायचा. आम्हाला हो की नाही हवं होतं.

अब्बांना मशीनमध्ये सरकवलं. "काका, श्वास घ्या, रोखून धरा," असा आवाज आला. डाय जाताना अंगभर गरम लाट आली आणि तोंडाला लोखंडाची चव आली, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिन्ही फोटोंत मधला भाग काळाच राहिला. यकृताच्या बाकीच्या भागाची कडा गुळगुळीत होती, म्हणजे आत जुना आजार मुरलेला दिसत नव्हता. रक्ताच्या तपासण्याही त्याच बाजूनं बोलत होत्या. तरी बाई म्हणाल्या, आता सुईनं थोडं काढून बघू. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत त्यांनी बरगड्यांमधून नळी घातली. बाटलीत उतरलं ते दाट, चॉकलेटी रंगाचं, आणि त्याला वास नव्हता. अमिबाचा पू असाच असतो. त्याला पू म्हणतात इतकंच, खरं तर ते विरघळलेलं यकृतच असतं. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि अब्बांनी बाजरीची भाकरी मागितली.

हा आजार आपल्याकडे जुना आहे. इंग्रज फौजेतले शिपाई हिंदुस्थानात यानं मरत. कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी 1912 साली एमेटीनची इंजेक्शनं सुरू केली तेव्हा मरणं घटली, आणि 1966 नंतर मेट्रोनिडॅझोल आलं तेव्हा हे दुखणं गोळ्यांनी बरं होणाऱ्यांत जमा झालं. त्याआधीच्या वैद्य-हकिमांकडे बोटं होती आणि चाकू होता. यकृतातला पू कापून काढल्यावर कोणत्या रंगाचा आला तर रोगी जगतो आणि कोणत्या रंगाचा आला तर मरतो, हे ग्रीक हकीम हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात आलेलं आहे. इब्न सिनांच्या 'अल-कानून'मध्ये यकृताच्या सुजेवर आणि पुवावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पण आत पू आहे की गाठ, हे पोट न उघडता दिसण्याची सोय त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. 1971 साली गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्रानं लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या डोक्याचा स्कॅन काढला. त्या यंत्राच्या मापात पाण्याला शून्य धरतात आणि हवेला उणे हजार. पू पाण्याच्या थोडा वर आणि निरोगी यकृत त्याच्याही वर. करड्या रंगाच्या पायऱ्या मोजायच्या, असं ते काम आहे.

अब्बा बरे झाले. तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर पोकळी तिथंच होती, फक्त लहान झालेली. मोहल्ल्यात पुन्हा कुजबुज झाली की गाठ गेलेली नाही. बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. ताप आणि दुखणं आठवड्यात जातं, पण ती रिकामी जागा भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्तही लागतं. महत्त्वाचं एवढंच की प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा लहान दिसली पाहिजे. वाढत असेल किंवा तशीच अडून बसली असेल, तर पहिल्या नावावर पुन्हा विचार करायचा. पुढच्या वर्षी शेवटच्या सोनोग्राफीत तिथं नुसता एक बारीक व्रण होता. अब्बा त्यानंतर चौदा वर्षं जगले आणि गेले ते वेगळ्याच कारणानं.

हा लेख इथं थांबवला असता तर वाचणाऱ्याला दिलासा मिळाला असता. पण आमच्याच घरात दुसरी गोष्टही घडली, आणि ती सांगितल्याशिवाय पहिली अर्धवट आहे.

आमची खाला मुंबईत कुर्ल्याला राहायची. 2013 साली तिला बारीक ताप येऊ लागला, उजवीकडे जड वाटू लागलं. सोनोग्राफी करायची तर तपासणारे पुरुष डॉक्टर आहेत म्हणून तिनं महिनाभर टाळलं. शेवटी एका दवाखान्यात बाई डॉक्टर आहेत असं कळल्यावर गेली. रिपोर्टमध्ये लिहून आलं, लिव्हर अ‍ॅबसेस. या वेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. घरात सगळ्यांनी अल्लाहचे शुक्र मानले. दोन आठवडे अँटिबायोटिक्स चालली, ताप उतरला. पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करा, असं कागदाच्या तळाशी लिहिलेलं होतं. पण बरं वाटत होतं, रमजान तोंडावर आला होता, त्यानंतर घरात लग्न होतं. आपल्या घरांतल्या बायका स्वतःच्या तपासणीची तारीख कुणाच्या ना कुणाच्या तारखेमागं ढकलतात. तिनंही ढकलली.

चार महिन्यांनी पोट फुगायला लागलं तेव्हा परळला नेलं. तिथं तीन वेळांचा सीटी स्कॅन झाला, मिरजेच्या बाईंनी आम्हाला समजावला होता तसाच. पोकळीच्या एका बाजूला एक जाड चंद्रकोर होती. धमनीच्या फोटोत ती झळकली आणि तिसऱ्या फोटोत फिकी पडली. यकृताची कडा दातेरी होती. आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी होती, आणि ती गुठळीही डाय घेत होती, म्हणजे रक्त गोठलेलं नव्हतं, गाठच शिरेत वाढत गेली होती. रक्तात अल्फा फीटोप्रोटीन खूप वाढलेलं निघालं. आणि पहिल्यांदाच कळलं की खालाला हिपॅटायटिस बी होता. किती वर्षं, कोण सांगणार. त्यानं तिला कधी एक दिवस झोपवलं नव्हतं.

आधीचं चित्र पुवासारखं का दिसलं, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गाठ इतकी भरभर वाढते की मधल्या भागाला रक्त पुरत नाही. तो भाग मरतो, पातळ होतो, त्यात जंतूही शिरतात. ताप खरा असतो, अँटिबायोटिक्सनं उतरतोही. नुसत्या सोनोग्राफीवर, एकाच भेटीत, हे ओळखणं अनुभवी माणसालाही कठीण. खाला पुढच्या वर्षीच्या रमजानआधी गेली.

आता एमआरआयमध्ये एक पद्धत आहे, डिफ्यूजन म्हणतात. पाण्याचे कण किती मोकळेपणानं हलतात हे ती बघते. दाट पुवात ते अडकतात, म्हणून पोकळीचा मधला भाग चमकतो. सडलेल्या गाठीच्या मधल्या पाण्यात ते मोकळे हलतात आणि कडेच्या जिवंत पेशींत अडकतात, म्हणून तिथं कडा चमकते. हे कळल्यावर आम्हाला बराच वेळ वाटत राहिलं की ही तपासणी आधी झाली असती तर. पण तीही बहुधाच्याच भाषेत बोलते. यकृतातली सावली कुठल्याही यंत्रानं काढली तरी ती अर्धीच हकीकत सांगते. उरलेली अर्धी ताप सांगतो, रक्त सांगतं, सुईतून आलेला थेंब सांगतो, आणि सगळ्यांत जास्त पुढच्या महिन्याचा फोटो सांगतो. मिरजेच्या बाईंचे 'बहुधा' आणि 'कधी कधी' आम्हाला तेव्हा पळवाट वाटले होते. त्यात किती प्रामाणिकपणा होता, हे खालानंतर कळलं.

तिसरी एक जात आहे आणि ती आम्हाला दादामियाँच्या खड्ड्याकडे घेऊन जाते. गावातला आमचा एक मेंढपाळ दोस्त. 2016 साली त्याच्या यकृतात गाठ निघाली, ताप नाही, अशक्तपणा नाही, नुसतं जडपण. त्याच्याही घरी रडारड झाली. सोनोग्राफीच्या चित्रात एका मोठ्या गोलात लहान लहान गोल दिसत होते, मधाच्या पोळ्यासारखे. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, हा हायडॅटिड आहे, कॅन्सर नाही, पण याला न विचारता सुई लावायची नाही. आतलं पाणी पोटात सांडलं तर रोगी जागच्या जागी दगावू शकतो आणि आजार पोटभर पसरू शकतो. अंगणातल्या त्या माणसानं सुईबद्दल सांगितलेलं इथं मात्र खरं होतं. म्हणून नाव आधी ठरलं पाहिजे आणि सुई नंतर. या फोडांच्या पाच अवस्था सोनोग्राफीवरून वेगळ्या करून दाखवल्या त्या ट्युनिशियाच्या हसन घरबी यांनी, 1981 साली. पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आपली वर्गवारी केली तिचा पाया तोच.

हा आजार कुत्र्याच्या आतड्यातल्या एका बारीक कृमीचा. कुत्र्याच्या विष्ठेतून त्याची अंडी गवतावर, पाण्यावर, हातावर येतात. मेंढी-बकरी ती खाते आणि तिच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याचे फोड होतात. ते फोड कुत्र्यानं खाल्ले की फेरा पूर्ण. माणूस मध्येच अडकतो. दादामियाँनी ना सूक्ष्मदर्शक पाहिला होता, ना सोनोग्राफी. पण खड्डा काढून, वर राखण ठेवून ते हाच फेरा तोडत होते. आज ईदच्या दुसऱ्या दिवशी शहरातल्या गल्ल्यांमधून फिरताना फोड आलेलं काळीज आणि फुप्फुसं कचऱ्याच्या ढिगावर पडलेली दिसतात, वर कुत्री असतात, आणि आम्हाला दादामियाँचा खड्डा आठवतो. कुर्बानी आपली, तर तिच्या मागचा निचराही आपलाच. मस्जिदीत ईदच्या आधीच्या जुम्म्याला एवढं सांगायला काय हरकत आहे?

खाला गेल्यावर तिच्या तिन्ही मुलांची तपासणी झाली. धाकट्याला हिपॅटायटिस बी निघाला, दोघांना नाही. त्या दोघांनी लस घेतली. बाळांना ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात 2011 पासून मिळते, आणि 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधही मोफत आहे. धाकटा आता रोज एक गोळी घेतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जातो. लग्नाच्या वेळी त्यानं हे मुलीच्या घरी आधी सांगितलं. एक स्थळ मोडलं, दुसरं जमलं. त्याच्या बायकोनं लस घेतली आणि आता सोनोग्राफीच्या तारखा तीच लिहून ठेवते.

त्याच्याकडे एक फाईल आहे. तिच्यात प्रत्येक फिल्म, प्रत्येक सीडी, प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेला आहे. नव्या डॉक्टरांसमोर तो आधी ती ठेवतो, कारण आजच्या ठिपक्याला अर्थ येतो तो मागच्या वेळी तो तिथं होता की नव्हता यावरून. कुणाच्याही घरी यकृतात गाठ निघाली की लोक आम्हाला विचारायला येतात. आम्ही डॉक्टर नाही, म्हणून आम्ही फक्त प्रश्न देतो. स्कॅन डाय देऊन केला का, आणि तिन्ही वेळांचे फोटो काढले का? यकृताची कडा कशी आहे? हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली का? सुई लावायच्या आधी हायडॅटिड नाही याची खात्री केली का? आणि पू म्हणून औषध दिलं असेल तर पुढची सोनोग्राफी कोणत्या तारखेला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही तिथल्या तिथं कॅलेंडरवर लिहायला लावतो. त्याच महिन्यात घरात लग्न असलं, तरीही.